टपावरचा बर्फ आणि ट्रॉलीवरचा ऊस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आमच्या जुळे सोलापुरातल्या एका गल्लीत सात घरांतली पोरं-पोरी बाहेर देशात आहेत, कुणी न्यू जर्सीला, कुणी टोरांटोला, एक जण जर्मनीत, आणि ह्या सगळ्यांनी गाडी शिकली ती इथं, विजापूर रोडला नाहीतर होटगी रोडला, जिथं काचेवर धूळ बसते, चिलटं बसतात, बर्फ काय कधी बसत नाही. त्यामुळं तिकडं पहिल्या हिवाळ्यात सकाळी गाडीपुढं उभं राहिल्यावर काय करायचं हे त्यांना ना इथल्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्यानं सांगितलेलं असतं ना घरच्यांनी. मी एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होतो, आता रिटायर आहे. दोन हिवाळ्यांमागं लेकीच्या बाळंतपणाला आम्ही नवरा-बायको न्यू जर्सीत एडिसनला तीन महिने राहिलो, तिथं जे बघितलं आणि जे स्वतःच्या हातानं केलं ते लिहितोय. दिवाळी झाली की तिकडं थंडी सुरू होते आणि इकडं उसाचा सीझन, म्हणून आत्ताच लिहितो, जागा असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

जानेवारी महिना होता. रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी दार उघडून बघतो तर अंगणात गाडी दिसेचना, नुसता पांढरा ढीग, सूतगिरणीत कापूस ओतून ठेवल्यागत. लेकीला नववा महिना, साडेनऊची डॉक्टरची अपॉइंटमेंट आणि निघायला आधीच उशीर झालेला. जावई बाहेर गेले, गाडी चालू केली, हीटर लावला, हातमोज्यानं ड्रायव्हरच्या तोंडासमोर ताटाएवढी जागा पुसली, तेवढीच बाजूची काच पुसली आणि झालं म्हणले. मी म्हणलं, "जावईबापू, टपावरचं राहिलं की." ते म्हणले, "असू द्या बाबा, वाऱ्यानं उडून जाईल जाता जाता, इथं बरेच जण असंच करतात." मी गप्प बसलो. जावयाच्या घरी गेलेला माणूस, त्यात नवा देश, त्यांच्या गाडीत त्यांना काय शिकवायचं असं वाटलं. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ३१ वर्षांत अशी काच घेऊन मी एकदासुद्धा गाडी डेपोबाहेर काढली नव्हती.

कॉलनीतून बाहेर पडून पहिलाच सिग्नल, लाल लागला, स्पीड काही नव्हता, आपल्या हिशोबानं चाळीसच्या आत, त्यांनी ब्रेक मारला आणि टपावरचा अख्खा थर एका तुकड्यात घसरून पुढच्या काचेवर आला. धप्प करून आवाज झाला आणि गाडीत अंधार. भर सकाळी अंधार हो. ताटाएवढी जागा होती ती पण गेली. त्यांनी वायपर लावला तर तो वजनाखाली दबलेला, हलेना, मोटरचा नुसता घुंई घुंई आवाज यायला लागला. मी म्हणलं वायपर बंद करा आधी, चारी इंडिकेटर लावा, ब्रेकवरचा पाय काढू नका. मी उतरलो आणि दोन्ही हातानं कवेत धरून तो बर्फ बाजूला ओढला, कोपरापर्यंत स्वेटर भिजला, बोटं बधिर झाली. लेक मागच्या सीटवर पोटावर हात ठेवून बसलेली, तोंडातून शब्द नाही. मागच्या गाडीवाला अंतर ठेवून थांबला होता म्हणून निभावलं, आणि आम्ही सिग्नलला होतो म्हणून निभावलं, हेच हायवेवर ताशी शंभरच्या स्पीडला झालं असतं तर मी हे पत्र लिहायला बसलोच नसतो. नंतर बघितलं तर एका वायपरचं रबर पार फाटून लोंबत होतं.

का घसरलं ते नंतर डोकं चालवल्यावर लक्षात आलं. आत हीटर लावला की गाडीचा पत्रा तापतो, पत्र्याला चिकटलेला खालचा पातळ थर वितळतो आणि वरचा सगळा बर्फ पाण्यावर तरंगल्यासारखा मोकळा होतो, मग ब्रेक मारला की गाडी थांबते आणि बर्फ थांबत नाही. आणि त्याचं वजन बघा. कारचा टप दोन चौरस मीटरच्या आसपास, त्यावर फूटभर ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे साठ किलोच्या घरात, ज्वारीच्या पन्नास किलोच्या कट्ट्यापेक्षा जास्त, आणि ओला बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. दिसायला कापूस, वजनाला ज्वारी. टपावर ज्वारीचा कट्टा न बांधता ठेवून कोण गाडी काढेल का? पण बर्फ पांढरा आणि हलका दिसतो म्हणून माणूस फसतो.

दुसऱ्या दिवसापासून गाडी झाडायचं काम मी माझ्याकडं घेतलं. त्यासाठी तिकडं लांब दांड्याचा ब्रश मिळतो, एका टोकाला ब्रश किंवा फोमची पट्टी आणि दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची खरवडणी, हा ब्रश घरात नाही तर गाडीत ठेवायचा, कारण संध्याकाळी ऑफिसच्या पार्किंगमधे पण तेवढाच बर्फ साचलेला असतो. पहिल्या दिवशी मी हाताला येईल तिथनं सुरू केलं, आधी काचा स्वच्छ केल्या आणि मग टप झाडला, तर टपावरचा सगळा परत काचेवर, डबल मेहनत. म्हणून टप आधी. मधून आपल्याकडं ओढत आणायचा, एक बाजू झाली की फिरून दुसरी बाजू. घर झाडताना आपण जाळ्या आधी काढतो आणि फरशी मागनं झाडतो, तसंच. टपानंतर काचा, सगळ्याच्या सगळ्या, मागची पण, आरसे, मग बॉनेट, मग डिकी, कारण बॉनेटवरचा बर्फ पण वाऱ्यानं उडून काचेवर येतो. काचेच्या बुडाशी, वायपर जिथं बसतात तिथं जाळी असते, हीटरला हवा तिथनंच आत जाते, ती बर्फानं बुजली तर हीटर कितीही लावा काचेचा धुरकटपणा जात नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही.

मग दिवे. जुन्या बल्बच्या हेडलाईटनं तापून बर्फ वितळायचा, आताचे एलईडी थंड असतात, त्यावर बर्फ तसाच बसून राहतो आणि बर्फ पडत असताना चालवली तर परत परत साचतो, त्यामुळं लांबच्या रस्त्याला मधे थांबून दिवे पुसावे लागतात. मागचे लाल दिवे तर पुसायलाच पाहिजेत, मागच्याला आपला ब्रेक दिसला नाही तर आपली काच कितीही स्वच्छ असून काय उपयोग. नंबर प्लेट, मागचा कॅमेरा, बंपरवरचे सेन्सर, हे सगळं दोन मिनिटात होतं. फावडं मात्र गाडीला लावायचं नाही, पेंट निघतो, ते रस्त्यावरचा बर्फ काढायला.

एक गोष्ट सगळ्यात आधी करायची आणि ती मला तिकडं शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसानं हातानं खुणा करून शिकवली. मी इंजिन चालू करून टप झाडत होतो, तो रस्त्यापलीकडनं हात हलवत आला, वाकला आणि मागं सायलेन्सरच्या पाईपकडं बोट दाखवलं. पाईपचं तोंड बर्फात गाडलेलं होतं. मी लगेच इंजिन बंद केलं. पाईप बुजलेला असेल तर धूर बाहेर जायच्या ऐवजी गाडीच्या खाली साचतो आणि तिथनं आत शिरतो, त्यातला कार्बन मोनॉक्साईड असा आहे की त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला झोंबत नाही, बसल्या जागी माणूस झोपी जातो आणि परत उठत नाही. त्याच न्यू जर्सीत पॅसेक म्हणून गाव आहे, एडिसनपासून तासाभराच्या आत, तिथं २०१६ च्या जानेवारीतल्या मोठ्या वादळात एक बाप गाडीभोवतीचा बर्फ काढत होता, बायको आणि दोन लेकरं थंडी वाजू नये म्हणून इंजिन चालू ठेवून आत बसलेली, पाईप बर्फात बुजलेला. आई आणि एक वर्षाचा मुलगा तिथंच गेले, तीन वर्षांची मुलगी काही दिवसांनी हॉस्पिटलात गेली. बाप काही पावलांवर उभा होता. जावयांनी मला हे सांगितलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. म्हणून पोरांना फोनवर पहिलं वाक्य हे सांगा, की आधी मागं जाऊन पाईप मोकळा कर, मग चावी लाव, आणि गाडी झाडत असताना लहान लेकराला ऊब म्हणून आत बसवू नको.

बर्फाचं दुसरं रूप आठवड्यानं बघितलं. दिवसा थोडं ऊन पडतं, टपावरचा बर्फ अर्धवट वितळतो आणि रात्री परत गोठतो, की त्याची फरशी होते. अक्षरशः शहाबादी फरशी, तेवढीच जाड, तेवढीच कडक. आम्ही हायवेनं चाललो होतो, पुढं एक उंच गाडी होती, तिच्या टपाची पुढची कड थोडी उचललेली दिसली, मला वाटलं पत्रा निघालाय, तेवढ्यात ती अख्खी फरशी वाऱ्यानं उचलली गेली, हवेत एकदा पलटी खाल्ली आणि आमच्यापुढं दोन गाड्यांच्या अंतरावर रस्त्यावर आपटून फुटली. तुकडे आमच्या बॉनेटवर आले. ज्याच्या टपावरनं उडाली तो सरळ निघून गेला, त्याला कळलं पण नसेल. घरी आल्यावर जावयांनी सांगितलं की न्यू हॅम्पशायर राज्यात १९९६ साली एका ट्रकवरनं असाच बर्फाचा मोठा तुकडा उडून दुसऱ्या ट्रकवर आदळला आणि तो ट्रक जाऊन एका कारला धडकला, कारमधली वीस वर्षांची मुलगी गेली, आणि त्यानंतर तिथं गाडीवरचा बर्फ काढण्यासाठी कायदा झाला.

न्यू जर्सीत तर २०१० पासून असा कायदा आहे की टप, बॉनेट, डिकी, काचा ह्यावरचा बर्फ काढायला ड्रायव्हरनं होईल तेवढा प्रयत्न केलाच पाहिजे, नाही केला तर २५ ते ७५ डॉलर दंड, आणि बर्फ उडून कुणाला लागलं किंवा नुकसान झालं तर साध्या गाडीला २०० ते १००० डॉलर. मला ह्यात सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे पहिला दंड. बर्फ उडालेला नाही, कुणाला लागलेलं नाही, नुसता टपावर आहे, तरी पोलीस थांबवू शकतो. म्हणजे तुझ्या टपावर जे आहे ते तुझं, ते मागच्याच्या अंगावर जायच्या आधी तूच उतरव. इंग्लंडच्या वाहतूक नियमांत पण आहे, सगळ्या काचा पूर्ण स्वच्छ पाहिजेत आणि दुसऱ्याच्या रस्त्यात पडेल असा बर्फ गाडीवर ठेवायचा नाही. ह्यावर मी पुढं आपल्याकडचं लिहिणार आहे म्हणून ध्यानात ठेवा.

काचेवर नुसता बर्फ नसतो, कधी कधी पारदर्शक पातळ थर गोठलेला असतो, तो ब्रशनं निघत नाही. तिथं आपल्या माणसाला पहिली आयडिया सुचते ती गरम पाण्याची. आमच्या सौभाग्यवती किटली घेऊन दारात आल्या होत्या, मी ओरडलो नसतो तर ओतलं होतं. गोठलेल्या काचेवर उकळतं पाणी पडलं की काच तडकते, आधीच कुठं खडा लागून बारीक टिचलेली असेल तर हमखास. आणि नाही तडकली तरी ते पाणी खाली सांडून तिथंच गोठतं आणि मग माणूस घसरतो. त्यापेक्षा गाडीत ब्लोअर काचेवर सोडायचा, मागच्या काचेला तापवणाऱ्या तारांचं बटण दाबायचं, आणि पाच मिनिटं थांबायचं, तोपर्यंत टप झाडून होतो, मग खरवडणी वरनं खाली चालवली की पापड सुटल्यासारखा थर सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन वाटे आणि पाणी एक वाटा अशी बाटली करून ठेवतात काही जण, ती फवारली की थर लवकर सुटतो, कारण ते अल्कोहोल तिथल्या थंडीत गोठत नाही. रात्री वायपर उभे करून ठेवले तर काचेला चिकटत नाहीत. आणि गाडीत बसताना बूट एकमेकांवर आपटून बर्फ झटकायचा, नाहीतर तो आत वितळतो, त्याची वाफ होते आणि काच आतनं धुरकट होते, मग एसी पण चालू करायचा हीटरबरोबर, थंडीत एसी कशाला असं वाटतं पण तो हवेतला ओलावा ओढून घेतो, आणि हवा बाहेरची घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही. हे आतल्या धुरकट काचेचं आपल्या पावसाळ्यात पण तसंच आहे, पण आपल्याकडं लोक फडकं घेऊन एका हातानं पुसत पुसत चालवतात.

आता जे इथले लोक स्वतःची गाडी घेऊन डिसेंबरात मनालीला जातात त्यांच्यासाठी. २०२० ला अटल बोगदा झाल्यापासनं मनालीहून पलीकडं लाहौलमधे जाणं सोपं झालंय, नऊ किलोमीटरचा बोगदा, दहा हजार फुटांच्या वर, आणि सोलापूरच्या नंबरच्या गाड्या पण तिथं जातात. ह्या गाड्यांच्या वायपरच्या टाकीत आपण नळाचं पाणी आणि थोडा शाम्पू भरलेला असतो, ते तिथं गोठतं, आणि गोठलं नसेल तर फवारा मारल्या मारल्या थंड काचेवर त्याचाच बर्फ होतो आणि होतं तेवढं पण दिसायचं बंद होतं. त्याहून वाईट म्हणजे रेडिएटरमधे कूलंटच्या ऐवजी साधं पाणी असणं, आपल्याकडं गाडी तापते म्हणून वाटेत कुणीही बाटलीभर पाणी ओततो आणि विसरून जातो, पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर नाहीतर इंजिनचा ब्लॉक फुटतो. निघायच्या आधी मेकॅनिककडनं कूलंट बदलून घ्या, हजार-दोन हजार जातील पण इंजिन वाचेल. रात्री गाडी गिअरमधे लावा, हँडब्रेक ओढून ठेवला तर गोठून जाम होतो. आणि बर्फात ट्रॅफिक अडकलं तर काचा बंद, इंजिन चालू, हीटर चालू असं रात्रभर झोपू नका. पाकिस्तानात मरी म्हणून थंड हवेचं ठिकाण आहे, तिथं २०२२ च्या जानेवारीत हिंडायला गेलेल्या लोकांच्या गाड्या बर्फात अडकल्या आणि वीसपेक्षा जास्त माणसं गाडीतच गेली, बायकापोरांसकट. थोडा वेळ इंजिन, मग बंद, काच बोटभर खाली, आणि दर थोड्या वेळानं उतरून पाईप मोकळा, एवढं करायचं.

आता आपल्या रस्त्यावर येतो, कारण मला तिकडं बर्फ झाडता झाडता रोज आपली मुक्कामाची गाडी आठवायची.

नोकरीच्या सुरुवातीला मला मंगळवेढ्याच्या पुढं एका गावाला मुक्कामाची ड्युटी असायची. थंडीत पहाटे साडेपाचला पहिली फेरी, काच दवानं भिजलेली, त्यावर रात्रभराची धूळ, आणि ह्या दोघांचा चिखल होतो हे गाडी चालवणाऱ्यालाच कळतं, वायपर मारला की काचेवर सारवल्यासारखा पट्टा उमटतो आणि समोरनं एक ट्रक आला की त्याच्या उजेडात सगळी काच पांढरी होते, काहीच दिसत नाही. माझे उस्ताद होते, ते आता नाहीत, त्यांनी मला बादलीभर पाणी आणि जुने पेपर घेऊन काच पुसायला लावली होती, बंपरवर चढून, आधी पाण्यानं, मग ओल्या पेपरनं, मग कोरड्या पेपरनं, आणि आतनं पण. गाडीत पॅसेंजर बसलेले, ऑफिसला जाणारे, कॉलेजची पोरं, ओरडायला लागले ओ ड्रायव्हर चला की. उस्ताद म्हणले, "ओरडू दे बे, काच पूर्ण झाल्याशिवाय डबल बेल घ्यायची नाही." मी पुढं तेच केलं. पावसाळ्यात वायपर बंद पडला तर तंबाखू चोळायचो काचेवर, थेंब धरत नाहीत. कुणी मला त्यासाठी बक्षीस दिलं नाही, पण माझ्या हातनं माणूस मेला नाही.

आज डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहाला आसरा चौकात नाहीतर सात रस्त्याला उभे राहा आणि बघा, किती कार तळहाताएवढी जागा पुसून चालल्यात. जावयांनी केलं तेच. शाळेची व्हॅन पण तशीच असते, आत दहा-बारा लेकरं. तिकडं बर्फ खरवडायला पंधरा मिनिटं लागतात, उणे आठ डिग्रीत, बोटं बधिर होतात, आपल्याकडं ओलं फडकं आणि दोन मिनिटं, तरी होत नाही. आणि पुण्याच्या हायवेला इंदापूर-टेंभुर्णीच्या मधे उजनीचं पाणी जवळ आलं की धुकं येतं, तिथं असली दवाची काच घेऊन गेलेला माणूस दोन पडद्यांआडनं बघत असतो.

आणि टपावरच्या ओझ्याचं म्हणाल तर ते आपल्याकडं ट्रॉलीवर असतं. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वरपर्यंत ऊस, दोर ढिला, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, असला तर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला, मोठ्यानं गाणी लावलेली म्हणजे मागच्याचा हॉर्न पण ऐकू जात नाही. मोहोळच्या अलीकडं एकदा माझ्यापुढं ट्रॉलीवरनं मोळी सुटून पडली, अंधार पडायच्या वेळेला, माझ्या गाडीत पन्नास माणसं. काच स्वच्छ होती म्हणून मोळी सुटताना दिसली, अंतर होतं म्हणून थांबलो. पण मागनं मोटरसायकलवर येणारं एक जोडपं बाजूनं पुढं गेलं आणि त्या उसावरनं घसरलं, बाईच्या हाताचं हाड मोडलं, मी आणि कंडक्टरनं त्यांना गाडीत घेऊन मोहोळला सोडलं. ट्रॅक्टर निघून गेला होता. एडिसनच्या त्या फरशीवाल्यागत, त्याला कळलं पण नसेल.

मी ट्रॅक्टरवाल्यांच्या विरोधात नाही, माझा भाऊ शेतकरी आहे, आमचा पण ऊस जातो. तोडणीवाल्याला खेपा जास्त पाहिजेत, ट्रॅक्टरवाल्याच्या डोक्यावर हप्ता असतो, कारखान्याच्या काट्यावर नंबर लागायला रात्र होते, सगळं माहीत आहे. पण आपल्याकडं पोलीस कधी येतो तर ऊस पडल्यावर, माणूस पडल्यावर, पंचनाम्याला. तिकडचा पहिला दंड मला म्हणून पटला, काही पडायच्या आधीचा. फडातनं ट्रॉली डांबरी रस्त्याला लागते तिथंच कुणीतरी दोर ओढून बघितला पाहिजे, बाजूला लोंबणारा ऊस कापला पाहिजे, आणि मागचा रिफ्लेक्टर ट्रॉलीला न लावता उसाच्या वर येईल अशा काठीला बांधला पाहिजे म्हणजे तो झाकत नाही. कारखान्यांनी काट्यावरनं रिकामी ट्रॉली सोडताना रिफ्लेक्टर नसेल तर तिथंच लावून द्यावा, एका ट्रॉलीला किती खर्च येतो, चहा-नाष्ट्याचा. आरटीओ आणि पोलिसांनी सीझनच्या पहिल्या पंधरवड्यातच हे बघावं, संक्रांतीला गड्ड्याची जत्रा आली की रस्त्यावर माणसं वाढतात, तोपर्यंत वाट बघू नये.

जावयांबद्दल एवढं सांगतो की माणूस चांगला आहे, त्या दिवसानंतर स्वतः उठून टप झाडायला लागले, आम्ही परत यायच्या आधी त्यांनी शेजारच्या नव्या आलेल्या तेलंगणाच्या पोराला पण ब्रश घेऊन दिला. नात ठणठणीत आहे.

येताना मी तो ब्रश एक जास्तीचा घेऊन आलो. घरी आहे. ज्यांचं पोरगं किंवा पोरगी ह्या हिवाळ्यात तिकडं जाणार आहे त्यांनी जाण्याआधी त्यांना घेऊन यावं, माझा पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे, मी माझ्या कारच्या टपावर रांगोळी पसरून दाखवतो कुठनं कसं ओढायचं, पाईप कुठं बघायचा, दहा मिनिटं लागतात, चहा पण घेऊन जावा. रविवारी सकाळी आठनंतर कधीही.

आपला,
एक रिटायर एसटी ड्रायव्हर
जुळे सोलापूर